एक कॉम्प्युटर, तीन बिऱ्हाडं

जावा-जावा एका स्वयंपाकघरात नांदल्या की किस्से साठतात, असं आईने मला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. मला जाऊ नव्हती. तरी साठले! कारण नव्वदीचं दशक संपता संपता आमच्या डोंबिवलीच्या घरात एक कॉम्प्युटर आला आणि त्या एका खोक्यात तीन-तीन सिस्टिम नांदायला लागल्या. त्यांचं एकमेकींशी पटत नसे, आणि त्यांच्यावरून घरातल्या माणसांचं तर मुळीच पटत नसे. हळदीकुंकवाला बायका अजून विचारतात, "काय हो, त्या वेळचं ते तुमचं महाभारत सांगा ना!" मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? यातले निम्मे किस्से आठवले की मला आजही संताप येतो. देवाधर्माचं करणाऱ्या बाईला राग येत नाही, हा लोकांचा फार मोठा गैरसमज आहे.

*

आधी माणसं सांगते. आमचे हे, कंपनीत अकाउंट्सला. धाकटे दीर प्रमोदभाऊजी, लग्न व्हायचं होतं, स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. लेक मुक्ता, कॉलेजात. आणि मी.

ह्यांना विंडोज हवं, कारण ऑफिसचे तक्ते त्यात. भाऊजींना लिनक्स हवं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नाही. आणि मला डॉस, कारण माझा मराठी टाइप करायचा प्रोग्राम फक्त डॉसमध्ये चाले. भाऊजींनी जुन्या मशीनची छोटी हार्ड डिस्क काढून नव्यात बसवली आणि माझं बिऱ्हाड तिच्यावर थाटून दिलं. मशीन चालू केलं की आधी एक छोटा प्रोग्राम विचारायचा, कोणाकडे जायचंय? भाऊजी त्याला 'लिलो' म्हणत. आपण नाव टाइप करायचं, एन्टर मारायचा. पाच सेकंदांत काही केलं नाही, तर यादीत जे पहिलं असेल ते आपोआप सुरू!

पहिल्या दसऱ्याला मी कॉम्प्युटरची पूजा मांडली. भाऊजी म्हणाले, "चालू मशीनची करा वहिनी, बंद डब्याची काय पूजा?" बटण दाबलं. मी हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवायला हात उचलला, तर पडद्यावर सरसर सरसर अक्षरं धावायला लागली.

"अहो भाऊजी, मला डॉस हवं होतं! आजच्या दिवशी दोन ओळी टाइप करायच्या होत्या."

"वहिनी, देव थांबतो. लिलो थांबत नाही!"

सगळे खो खो हसले. पाच सेकंदांत बाईमाणसाला काही निवडता येतं असं ज्याला वाटतं, त्याने गॅसवर दूध ठेवून कधी दाराची बेल ऐकलेली नसते.

*

पहिला नंबर कोणाचा, यावरून दोघा भावांत रोज जुंपायची. ऑफिसला निघायच्या आधी हे विंडोज पहिलं लावून घेत. संध्याकाळी भाऊजी गुपचूप लिनक्स वर चढवत. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

एका सकाळी ह्यांना घाईने काहीतरी छापून न्यायचं होतं. बटण दाबून दाढी करायला गेले. येऊन बघतात तर काळा पडदा, आणि त्यावर 'लॉगिन' म्हणून विचारणा. ह्यांनी आपलं नाव टाइप केलं. मग वडिलांचं नाव. मग आडनाव. सगळं व्यवस्थित, कंपनीच्या मस्टरवर असतं तसं! मग त्याने पासवर्ड विचारला. मग म्हणाला, चूक. पुन्हा नाव, पुन्हा चूक.

"प्रमोद! हा मला ओळखत नाही!"

भाऊजी ब्रश तोंडात धरून बाहेर आले. "दादा, तुझं नाव त्यात घातलेलंच नाही मी."

"माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मलाच कोण म्हणून विचारतो? दारावर पाटी कोणाची आहे? रेशनकार्डावर पहिलं नाव कोणाचं आहे?"

दिवसभर घरात तोच विषय. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावरही तेच. "काय पण अपमान! स्वतःच्या घरात आपलं नाव नसावं?"

मी चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हटलं, "सवय होते हो."

मुक्ता एवढी हसली, एवढी हसली की तिला ठसका लागला. ह्यांना मात्र कळायला चहा संपावा लागला.

*

आता मला तो डॉस एवढा कशाला हवा होता, ते सांगते. नाहीतर तुम्हीही ह्यांच्यासारखं म्हणाल, "तुझं काय, टाइपिंगच तर आहे!"

आई ठाण्याला, नौपाड्यात माझ्या भावाकडे असायची. मार्गशीर्षात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. तिला व्रतांच्या कहाण्या यायच्या, पण छापील पुस्तकातल्या नव्हेत. तिच्या आजीकडून आलेल्या, तिच्या स्वतःच्या. पुस्तकातली नावडती सून रानात जाऊन रडते. आईची सून विहिरीच्या काठावर बसून राजाला सांगते, "तहान तुम्हाला लागली आहे ना? मग पोहरा घ्या आणि ओढा!" आणि राजा ओढतो! असं कुठल्या पुस्तकात आहे, दाखवा मला.

त्या सगळ्या कहाण्या मोठ्या टायपात छापायच्या आणि समारंभाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत एकेक पुस्तिका घालायची, असं मी देवापुढे ठरवलं होतं. कारण आई विसरायला लागली होती. मंगळवारी सांगितलेली कहाणी पुढच्या मंगळवारी विचारावी, तर म्हणे, "मी? मला कुठे येते ही?" आणि समोर कागद-पेन दिसलं की ती बिचकायची, गप्प व्हायची. म्हणून नुसतं मांडीला मांडी लावून ऐकायचं, कहाणी जशीच्या तशी ओठांवर घेऊन ठाण्याहून घरी यायचं आणि चप्पल काढल्या काढल्या टाइप करायला बसायचं. वाटेत कोणाशी बोलणं नाही, की कोणाच्या घरचं बारसं ऐकणं नाही.

एकदा अशीच आले. बटण दाबलं, नाव टाइप करणार, तेवढ्यात ह्यांनी आतून हाक मारली, "अगं, माझा चष्मा कुठे आहे?"

"तुमच्या डोक्यावर!"

एवढं सांगेपर्यंत पाच सेकंद गेले आणि विंडोज येऊन बसलं, पाय पसरून, निवांत! ते पुरतं उघडल्याशिवाय नीट बंदही होईना. बंद करून पुन्हा डॉसमध्ये पोचेपर्यंत शनिवारच्या कहाणीचा शेवट माझ्या ओठांवरून उडाला होता. पुढच्या खेपेला आईला विचारला. आई म्हणाली, "असा काही शेवट नव्हताच बाई तिला."

तो चष्मा मी आठवडाभर लपवून ठेवला होता. पाप लागलं असेल तर लागो.

*

श्रावणात एके दुपारी मी नेहमीसारखं 'डॉस' टाइप केलं आणि लिलोने सरळ सांगितलं, या नावाचं इथे कोणी नाही. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मी क्लासमध्ये फोन लावला. भाऊजींना वर्गातून बोलावलं.

"भाऊजी, माझं डॉस गेलं हो! सगळ्या कहाण्या गेल्या!"

"घाबरू नका वहिनी. टॅब दाबा. काय दिसतंय?"

मी वाचलं. पहिलं लिनक्स. दुसरं विंडोज. तिसरं नाव होतं, 'ओल्ड'.

"हां, तेच तुमचं. मी जरा नावं नीटनेटकी केली."

"म्हणजे जुनं? अहो, रोज ज्यात काम चाललंय ते जुनं कसं?"

"मनाला काय लावून घेता वहिनी? नुसतं लेबल तर आहे!"

रात्री सगळे जेवायला बसले. मी भाऊजींच्या पुढ्यात गरम गरम ताट ठेवलं आणि म्हटलं, "घ्या भाऊजी, शिळं."

भाऊजींचा हात थबकला. "शिळं? वाफ येतेय की!"

"मनाला काय लावून घेता? नुसतं लेबल तर आहे."

दुसऱ्या दिवशी नाव परत डॉस झालं.

*

गणपती झाले आणि दोघा भावांत एकदम समेट झाला. मला वाटलं, बाप्पाने ऐकलं! कसलं काय. दोघांनी मिळून असं ठरवलं की दिवसभर लागतं ते विंडोजच पहिलं ठेवायचं, आणि लिलोने विचारायचंच नाही. भाऊजींनी ते पाच सेकंद काढून टाकले. बटण दाबलं की थेट विंडोज! भाऊजींना लिनक्स हवं असलं तर त्यांच्याकडे त्याची वेगळी फ्लॉपी होती. ती घातली की झालं.

"आणि मी?" मी विचारलं.

हे म्हणाले, "अगं, विचारणंच बंद केलं की भांडण मिटलं. सोपं आहे!"

सोपं! ज्याला विचारायची गरज नसते त्याला सगळं सोपंच असतं. त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलं नाही, आणि कोणी विचारलं तर सांगायचं ठरवलं की विचारणं बंद आहे.

देव एक दार लावतो तेव्हा लेकीच्या रूपाने दुसरं उघडतो. मुक्ताने कुठूनतरी शोधून आणलं. "आई, मशीन चालू होताना शिफ्टचं बटण दाबून धर. मग त्याला विचारावंच लागतं!"

तेव्हापासून माझं रोजचं ठरलं. उजव्या हातात जपमाळ, डाव्या हाताचं बोट शिफ्टवर. बटण दाबायचं, मणी ओढत राहायचं. नाव विचारलं की माळ मांडीवर ठेवून माझं 'डॉस' टाइप करायचं.

एकदा हे मागे उभे राहून बघत होते. "हा काय नवीन नेम काढलास?"

मी म्हटलं, "तुम्ही त्याला गप्प बसवलंत. मी बोलतं करतेय."

*

आता फ्लॉप्यांचा किस्सा. हा सांगताना माझा आवाज अजून चढतो, तेव्हा सांभाळून घ्या.

मुक्ता म्हणाली होती, सगळ्या कहाण्यांची एक प्रत फ्लॉपीवर ठेव. मी ठेवली. एकेक कहाणी पुरी झाली की त्या फ्लॉपीला कुंकवाचं बोट लावायचं आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवायची. नाव कशाला लिहायचं? वाणाच्या सुपाला, नव्या भांड्याला, दाराच्या उंबऱ्याला आपण कुंकू लावतो, तेव्हा त्यावर नाव लिहितो का? कुंकू लागलं म्हणजे ती वस्तू देवाची झाली, तिला कोणी हात लावायचा नाही, एवढं या घरात सगळ्यांना कळतं, असं मी समजत होते.

एका सकाळी फळी रिकामी! मी क्लासला निघालेल्या भाऊजींना जिन्यात गाठलं.

"भाऊजी, देवाजवळच्या फ्लॉप्या?"

"त्या होय? क्लासच्या मुलांना मशीन चालू करायच्या बूट फ्लॉप्या करून द्यायच्या होत्या. त्या पुसून घेतल्या."

"पुसून? अहो, त्यांवर आईच्या कहाण्या होत्या!"

भाऊजी खरोखर गांगरले. "पण वहिनी, त्यांवर नाव काहीच नव्हतं. नुसतं कुंकू. मला वाटलं, पूजेच्या आहेत. म्हणजे कोऱ्या!"

पूजेच्या, म्हणजे कोऱ्या! मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दार किलकिलं करून बघायला लागल्या.

"नव्या आणून देतो वहिनी, उद्याच!" असं म्हणून ते उतरून गेले. त्यांचा उद्या काही उगवेना. शेवटी मी मुक्ताला सांगितलं, तू रविवारी मामाकडे जाशील ना, येताना नौपाड्यातून घेऊन ये. तोपर्यंत कहाण्या फक्त त्या जुन्या, छोट्या डिस्कवर होत्या. आणि आईजवळ आता पहिल्या ओळीपलीकडे काही उरलं नव्हतं.

*

तो रविवार. ऑक्टोबरची दुपार, घामाच्या धारा. मुक्ता ठाण्याला गेलेली. दोघं भाऊ जेवून उठले होते आणि मी शेवटी माझं ताट घेऊन बसले होते.

त्या चातुर्मासात मी मौनाने जेवायचा नेम धरला होता. पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, खाणाखुणाही नाहीत. बोललं तर नेम मोडला. न बोलता ताटावरून उठलं, तर नेम राहतो, जेवण मोडतं. त्या दिवशी मग पुन्हा अन्न नाही. आईच्या आयुष्यासाठी धरलेला नेम होता तो, आणि नेम सुटायची कार्तिकी एकादशी जवळ आली होती.

कॉम्प्युटर माझ्या समोरच, हॉलच्या कोपऱ्यात. भाऊजी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी घेऊन बसले होते. लिनक्सची नवी आवृत्ती आली होती आणि तिला जागा कमी पडत होती. हे शेजारी पेपर वाचत होते.

"दादा, या छोट्या डिस्कवर काय आहे रे? हे बघ, फाइल उघडली."

हे वाकले. माझं मराठी विंडोजमध्ये उघडलं की मराठी दिसत नसे. नुसती टोप्या घातलेली, शिंगं फुटलेली इंग्रजी अक्षरं दिसत.

"हा तर सगळा कचरा आहे," हे म्हणाले.

"खराब झाल्या असणार फाइली. वहिनी, हे तुमचं काही कामाचं नाही ना? उडवू का?"

वरण-भाताने माखलेला हात तसाच ताटावर. मी डोळे वटारले. डोळे वटारणं खुणेत मोडतं का, याचा मी त्या क्षणी विचारही केला नाही.

"वहिनी? सांगा ना पटकन."

"अरे, मौन आहे तिचं," हे पेपरातून म्हणाले. "काही कामाचं असतं तर बोलली असती."

भाऊजी हसले. "मौनं संमतिलक्षणम्!"

आणि फॉरमॅट करायचा हुकूम टाइप केला. मशीनने विचारलं, नक्की का? सगळं जाईल. त्या मशीनला विचारावंसं वाटलं, बघा! भाऊजींनी 'वाय' दाबला. बोट एन्टरकडे निघालं.

मी ताटावरून उठले. पाट मागे सरकून भिंतीला लागला. दारापाशी गेले, उजवा हात खरकटा म्हणून डावा वर केला आणि मेन स्विचचा दांडा खाडकन खाली ओढला.

पडदा काळा. पंखा फिरत फिरत थांबला.

"गेली वाटतं लाइट," हे म्हणाले. मग त्यांनी मला बघितलं.

मी मोरीत गेले. हात धुतला. चूळ भरली. पदराला तोंड पुसून बाहेर आले.

"भाऊजी," मी म्हटलं, "उठा."

"वहिनी, अहो, झालं तरी काय? तोंडाने सांगायचं होतं ना!"

"उठा."

ते उठले. मी त्यांना काय म्हणाले, ते सगळं इथे लिहीत नाही, चातुर्मास होता. एवढंच सांगते की समोरच्या काकूंनी या वेळी दार किलकिलं केलं नाही, सताड उघडलं. मग मी माझा पाट उचलला, मेन स्विचखाली टाकला आणि त्यावर बसले. मुक्ता कोऱ्या फ्लॉप्या घेऊन येईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं मनाशी ठरवून.

सबंध सोसायटीत लाइट होती. वरच्या मजल्यावरून रेडिओ ऐकू येत होता. आमच्या हॉलमध्ये दोघे भाऊ पेपरचे दोन तुकडे करून वारा घेत बसले होते. तास झाला असेल. शेवटी ह्यांना राहवेना.

"अगं, निदान पंखा तरी लावू दे. लावू का?"

मी काहीच बोलले नाही.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मौनं संमतिलक्षणम् म्हणायची या वेळी कोणाचीच छाती झाली नाही.